जमीन घेताना, जमीन देताना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही बँकेत कारकून आहोत, वकील नाही. पदवीही कला शाखेची. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण माणसांचा पैसा कुठे जातो हे आम्ही काउंटरवर बसून रोज पाहतो. निवृत्तीनंतर फंडाची रक्कम खात्यात जमा होते आणि महिनाभरात त्यातली निम्मी "जागेसाठी" म्हणून निघते. काढणाऱ्याला विचारावे, "कागद पाहिले का?" उत्तर येते, "माणूस ओळखीचा आहे."

2023 च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्यातून प्रथम गाड्या गेल्या. घाटातील वळणांना पर्याय मिळाला आणि पोलादपूर-महाडकडील जमिनीची चौकशी आमच्या कानांवर जास्त येऊ लागली. आपल्यापैकी अनेकजण आयुष्यात प्रथमच जागा घेत आहेत, आणि अनेकजण प्रथमच विकत आहेत. म्हणून हे चार शब्द.

आधी आमचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच गुंठ्यांसाठी इसार दिला. एप्रिलचा महिना, जागा कोरडी, सपाट. सातबारावर एकच नाव पाहून आम्ही खूश झालो. जुलैत गेलो तेव्हा कळले, की वाट दुसऱ्याच्या बांधावरून आहे आणि ती त्याने बंद केली आहे. मग फेरफार काढले. मूळ मालकाच्या दोन मुलींची नावे वारस म्हणून लागलीच नव्हती. शिवाय शेतजमिनीतून पाच गुंठ्यांचा तुकडा पाडायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता. इसार परत मिळायला दीड वर्ष लागले, तोही हप्त्याहप्त्याने. पदवीधर असून आम्ही वाचायचे तेच वाचले नव्हते.

त्या अनुभवातून आम्ही चार प्रश्न शिकलो.

पहिला प्रश्न, जागा कोणाची? नुसता आजचा सातबारा पुरत नाही. आठ-अ पाहावा, जुने फेरफार काढावेत आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. बहिणींचा हक्क विसरू नये. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला आहे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बहिणीची सही नाही, तो व्यवहार पुरा नाही. आणि नोटरीपुढे केलेल्या कागदाने मालकी मिळत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न, या जागेवर काय करता येते? 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी गावच्या सातबारावर आपले वारस म्हणून नाव लागले आहे का, हे आधी पाहावे. "बिनशेती होऊन जाईल" हे दलालाचे वाक्य झाले. झाली असेल तर आदेशाची प्रत मागावी. सातबारावरील "इतर अधिकार" हा रकाना ओळ न ओळ वाचावा. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, खाजगी वनाचा शेरा तेथेच सापडतो.

सदनिका घेणाऱ्यांनी महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. 2016 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तालुक्याच्या गावी लहान इमारती या नोंदणीतून सुटू शकतात. तेथे बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडच्या काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसे गेली. ती इमारत काही जुनी नव्हती.

तिसरा प्रश्न, ही जागा पावसात कशी असते? आपल्या भागात हा प्रश्न जिवाचा आहे. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 रोजी तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि त्याच दिवसांत पोलादपूरच्या केवनाळे व साखर सुतारवाडीवरही दरड आली. त्याच वेळी महाड शहर सावित्रीच्या पुरात होते. म्हणून डोंगरउताराची जागा उन्हाळ्यात पाहून घेऊ नये. आषाढात जावे, पाणी कुठून येते, कुठे जाते ते पाहावे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. ही माहिती सातबारावर मिळत नाही.

चौथा प्रश्न, पैसा परत कसा येणार? तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च साधारणतः त्या किमतीत धरला जात नाही. ती रक्कम घरातून उभी करावी लागते. जमीन रात्रीत विकता येत नाही. मुलाची फी जूनमध्ये भरायची असते, गिऱ्हाईक कदाचित माघात येते. म्हणून दवाखाना व शिक्षणाचा पैसा बाजूला ठेवून जो उरेल, त्यातच जागा पाहावी.

आता विकणाऱ्यांसाठी. आपल्यातील कित्येक घरांची जमीन ही पूर्वीची महार वतनाची आहे. वतनाच्या नावाखाली होणारी राबणूक थांबावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली आणि जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन सातबारावर भोगवटादार वर्ग 2 म्हणून दिसते. बिनशेती कामासाठी ती विकायची तर सरकारची परवानगी आणि नजराणा लागतो. 2025 साली पुण्यातील मुंढव्याच्या वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तो आपण वर्तमानपत्रांत वाचलाच आहे. तेव्हा कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली, कुलमुखत्यारपत्र लिहून मागितले, तर "घरी विचारून सांगतो" एवढेच म्हणावे. आजोबांचा अंगठा कशावर उठला हे नातवाला कोर्टात कळावे, अशी वेळ पुन्हा येऊ देऊ नये.

विद्यार्थी मित्रांना एकच विनंती. या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरचा सातबारा काढा आणि आई-वडिलांना, आत्याला, काकांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. कोणाचे नाव आहे, कोणाचे राहिले आहे, वर्ग 1 आहे की 2, हे वहीत लिहून ठेवा. अडले तर आमच्याकडे या. रविवारी आम्ही घरीच असतो. आपण शिकलो त्याचा पहिला उपयोग घरच्या कागदाला झाला, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जयभीम!