एकाच तोंडचे दोन प्रश्न



दहावी-बारावीचे निकाल लागण्याचा हंगाम आला, की आकाशवाणीच्या नाशिक केंद्राला आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांचे स्मरण होते आणि 'तरुणांना मार्गदर्शन' या विषयावर चार शब्द सांगावेत अशी आज्ञा येते. यंदा केंद्राने विषयाची कक्षा थोडी रुंदावून मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचाही त्यात अंतर्भाव करावा असे सुचविले. ही सूचना मला मनापासून मान्य आहे. किंबहुना हे दोन विषय आपण मुळात निरनिराळे मानले हीच गफलत झाली, असे मी भेटेल त्याला सांगत असतो.

समजा, निफाड अथवा कळवण तालुक्यातला एक मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी नाशकात आला आहे, गंगापूर रस्त्याच्या परिसरात आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहतो आहे, आणि दुसऱ्या खेपेलाही त्याचे गुण प्रवेशाच्या रेषेखालीच राहिले आहेत. खाणावळीचा डबा अर्धा परत जातो, रात्री दोन-तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, आणि आईचा फोन आला की "चाललाय अभ्यास" एवढ्यावर भागवले जाते. पुढे यथावकाश घरी सुगावा लागला, म्हणजे वडील त्याला व्यवसाय मार्गदर्शकाकडे नेतात. तो गृहस्थ गुणपत्रिका पाहून कागदावर पाच अभ्यासक्रमांची नावे लिहून देतो. मुलगा कागदाची घडी करून खिशात ठेवतो. मामला तेथेच संपतो. कोणी मानसोपचारतज्ज्ञांचे नाव सुचविलेच, तर "आमच्या मुलाला काही वेड लागलेले नाही" असे उत्तर मिळते. वास्तविक त्या मुलाला झोप नाही म्हणून पुढचे काही सुचत नाही, आणि पुढचे काही सुचत नाही म्हणून झोप नाही. "पुढे काय करणार?" आणि "सध्या कसे चालले आहे?" हे दोन प्रश्न त्याला एकाच माणसाने, एकाच बैठकीत विचारले पाहिजेत. पुन्हा सांगतो, एकाच माणसाने.

पूर्वी नाशकात हा पेच एवढा तीव्र नव्हता, कारण निवडीला वावच फार नव्हता. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात चिकटला, तर "प्रेसला लागला" एवढ्या वाक्यात मुलाच्या भवितव्याची रुजुवात होऊन जाई. पुढे 1964 साली ओझरचा विमानांचा कारखाना आला, सातपूरला मायको आली, आणि यादी थोडी लांबली. शिवाय खेड्यातून शिकायला येणारी मुले राहात असत ती वसतिगृहात. मराठा विद्या प्रसारक समाज या जिल्ह्यात 1914 साली उभा राहिला, तो बहुजन समाजातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची तजवीज केल्यावाचून शिक्षणाच्या गोष्टी व्यर्थ आहेत हे ओळखून. उदोजी मराठा बोर्डिंगचे नाव जुन्या माणसांना ठाऊक असेल. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाचे काम कागदोपत्री हजेरी आणि हिशेब ठेवण्याचे. परंतु पंगतीत कोणाचे ताट तसेच राहिले, सुटीला कोण घरी गेला नाही, हे त्याच्या नजरेला पडे, आणि तोच गृहस्थ पुढे कोणत्या शाखेला जावे याचीही मसलत देई. आता खोल्या भाड्याच्या आहेत. घरमालक अनामत घेतो; ताट पाहणे हे त्याच्या करारात नाही.

महाराष्ट्रात या दोन प्रश्नांना पुन्हा एकत्र आणण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न झाला, तो ठाण्यात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली तेथे 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था स्थापन केली, आणि या संस्थेने 'वेध' या नावाची व्यवसाय परिषद सुरू केली, जी पुढे आपल्या नाशिकसह अनेक गावांत पोहोचली. मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेने व्यवसाय परिषद भरवावी, यातच सगळे आले. आणि परिषदेचे स्वरूप पाहा: अभ्यासक्रमांची माहितीपत्रके वाटणारे तंबू नाहीत, तर व्यासपीठावर एक माणूस बसतो, कोणी शास्त्रज्ञ, कोणी कलावंत, कोणी शेतकरी, आणि त्याच्याशी गप्पा मारता मारता त्याने वाट कशी शोधली, ती कोठे चुकली, चुकल्यावर मनाचे काय झाले, हे हळूहळू काढून घेतले जाते. समोर बसलेली शाळाकॉलेजातली मुले ऐकतात. यशस्वी माणसालाही पोटात गोळा येतो, हे मुलांना ठाऊक नसते, कारण आपण सत्काराच्या भाषणांतून ती कैफियत नेमकी गाळून टाकतो.

आता मी माझ्या आवडीच्या माणसाकडे वळतो. केंद्राच्या अधिकाऱ्यांनी क्षमा करावी, पण नाशकात बसून वाट शोधण्याविषयी बोलायचे आणि दादासाहेब फाळक्यांचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. आपण तेथे सहलीला जातो, भेळ खातो आणि परत येतो. या त्र्यंबकेश्वरच्या मुलाने, 1870 साली जन्मलेल्या, काय काय केले ते पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला छायाचित्रांचा धंदा काढला. 1900 च्या सुमारास प्लेगात पत्नी आणि मूल गेले आणि तो धंदाही सुटला. पुढे जादूचे प्रयोग केले, तेही फाळके हे नाव उलटे करून, 'प्रोफेसर केळफा' म्हणून. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली; ती सोडून छापखाना काढला; भागीदारांशी बखेडा झाला म्हणून तोही सोडला. आजच्या एखाद्या पालकाच्या हाती असा अर्ज आला, तर तो काय म्हणेल? "मुलगा स्थिर नाही." वास्तविक या प्रत्येक ठिकाणी ते प्रकाश, काच, शाई आणि यंत्र यांच्याशीच झटत होते, आणि चलच्चित्र पाहिल्यावर त्या साऱ्या विद्या एका जागी येऊन मिळाल्या. वाट वाकडी होती. वाकड्या वाटेवरही माणूस चालतच असतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे.

परंतु मला सांगायचे आहे ते पुढचेच. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले आणि 1912 साली फाळके लंडनला गेले. तेथे ओळख ना पाळख. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते संपादक काबर्न यांना भेटले. या संपादकाने प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला; इंग्लंडातल्या निर्मात्यांना किती अपयश येते ते सांगितले, हिंदुस्थानातली हवाही या कामाला मानवणार नाही अशी शंका घेतली. समोरच्या माणसाचा निर्धार मात्र ढळत नाही असे पाहिल्यावर त्याच गृहस्थाने त्यांची हेपवर्थ या निर्मात्याच्या वॉल्टन येथील स्टुडिओशी गाठ घालून दिली. आधी धोका स्पष्ट सांगितला, मग दार उघडून दिले. आपल्याकडे धोका सांगणारे एक असतात, दार उघडणारे दुसरे, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला, हे आपण पाठ करतो. नाशकात येऊन फाळक्यांनी पुढचे चित्रपट काढले, हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, हेही कित्येकांना ठाऊक असते. मतभेद होऊन ते कंपनी सोडून काशीला निघून गेले, हे मात्र आपण पाठ करीत नाही. एवढे नाव मिळविलेला माणूस, आणि मन इतके विटले, की 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकरांनी परत येण्याविषयी लिहिले तेव्हा, चित्रपटापुरता मी मेलो आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले. कोल्हटकरांनी काय केले? ते उत्तर त्यांनी आपल्या पत्रात छापले. वाचकांची पत्रे येऊ लागली, परत या म्हणून. तीही छापली, आणि ते अंक काशीला पाठविले. फाळके नाशकात परतले आणि पुन्हा कामाला लागले. उपदेशाचा अग्रलेख लिहिण्यापेक्षा त्या माणसाला त्याच्या माणसांचा आवाज ऐकवावा, हे कोल्हटकरांना सुचले. अर्थात एखाद्या मुलाचे खाजगी पत्र कोणी छापू नये, एवढे तारतम्य श्रोत्यांना आहेच. परंतु खचलेल्या माणसाचे "माझे संपले" हे म्हणणे अंतिम हुकूम समजून गप्प बसू नये, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आता पालकांशी थोडे भांडतो. तुम्ही मुलाला घेऊन सल्ल्याला येता आणि प्रश्न त्याला विचारला की उत्तर तुम्ही देता. "आम्ही सायन्स घेतलंय", "आमची बारावी आहे". अहो, बारावी त्याची आहे! लग्नाच्या पंगतीत, बारशाला, दहाव्यालासुद्धा, टक्के विचारायचे सोडा. आपल्या राज्यात 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेण्यात आली. चाचणीला माझा विरोध नाही, परंतु तिचा निकाल पालकांनी वाचावा आणि मुलाने ऐकावा, अशी जी घरोघर प्रथा पडली, तिच्यामुळे चाचणी गुणपत्रिकेची धाकटी बहीण होऊन बसली. निकाल मुलाच्या हाती द्या, त्याने वाचून दाखवावा, आणि त्याला पटले नाही तर का पटले नाही ते विचारा. पुढे काय करणार, आणि सध्या कसे चालले आहे. दोन्ही विचारा.

काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, आणि महत्त्वाचे सांगायचे राहिलेच आहे, तेव्हा घाईने सांगतो. झोप, जेवण आणि मित्र ही तीन सलग दोनेक आठवडे सुटलेली दिसली, तर निकालाची वाट पाहू नका. मूल जगण्याविषयी निराशेचे बोलत असेल, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ, शांतपणे विचारा, विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत खोटी आहे. उत्तर हो आले तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 2022 पासून 'टेलि-मानस' ही शासनाची दूरध्वनी सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. क्रमांक लिहून घ्या: 14416. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा.

मुलींविषयी स्वतंत्र बोलायचे होते. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तयार होऊन 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले, तेथून सुरुवात करण्याचा विचार होता. पण आता ते शक्य दिसत नाही. केंद्राने पुन्हा बोलावले तर आधी तेवढेच बोलेन.