डोंगराचा तपासनीस कोण?

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील श्रोत्यांस खाणींच्या तपासणीचा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पण डोंगर अंगावर येणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावात ८० हून अधिक माणसे दरडीखाली गेली; त्याच पावसात पोलादपूरकडील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही प्राणहानी झाली.

खाणींच्या बाबतीत निरनिराळ्या देशांनी काय केले? इंग्लंडने १८५० साली कोळशाच्या खाणींत सरकारी तपासनीस उतरविले. फ्रान्सने १८९० च्या कायद्याने कामगारांसच आपल्यातून प्रतिनिधी निवडून खाण तपासण्याचा अधिकार दिला. कारण छताची भेग तिच्याखाली रोज राबणाऱ्यास आधी दिसते. अमेरिकेने १९७७ साली संख्याच बांधून दिली: भूमिगत खाण वर्षातून निदान ४ वेळा व उघडी खाण २ वेळा पाहिलीच पाहिजे. हिंदुस्थानात तपासणीचे खाते १९०२ साली कलकत्त्यास सुरू होऊन १९०८ साली धनबादला गेले. १९५२ च्या कायद्याने लहान दगडखाणींना सवलत दिली. मात्र खोली ६ मीटरांपलीकडे गेली, माणसे ५० हून अधिक झाली किंवा सुरुंग लावला, की ती सवलत संपत असे.

तथापि तपासनिसाची दृष्टी बहुधा खाणीच्या आतच राही. वेल्समधील अ‍ॅबरफॅन गावाच्या माथ्यावर खाणीतून निघालेल्या टाकाऊ मालाचे ढीग रचलेले होते. शाळेच्या मागील ढिगापासून धोका आहे, असे तेथील स्थानिक अभियंत्याने १९६३ साली लेखी कळविले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी ढीग घसरला आणि १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुले होती. खाणीची तपासणी होत होती. ढिगाची तपासणी करणे कायद्याने कोणाचेच काम नव्हते. ती उणीव १९६९ च्या कायद्याने भरून काढली.

तळियेचा डोंगर खाणीमुळे नव्हे, अतिवृष्टीने खचला, हा भेद विसरता कामा नये. पण बोध दोहींकडे एकच आहे. जमिनीस गेलेली भेग प्रथम गुराख्यास दिसते, खाणीतील सैल दगड प्रथम पाथरवटास दिसतो. त्याचा शब्द टिपून घेणारी वही गावातच असावी, आणि काम थांबविण्याचा व गाव हलविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे ती त्याच दिवशी उघडली जावी. इशारा कागदावर येऊनही शाळा वाचली नाही, हे अ‍ॅबरफॅनने दाखविले आहे.