पाऊण किलो वांगी

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे सहावीचं गणित होतं. वर्गात एक मुलगा होता. फळ्यावर अपूर्णांक आले की तो वहीत लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. खोडरबर इतक्या जोरात घासायचा की पानाला भोक पडायचं. मी त्याला सगळ्यांसमोर उभं करायचो, आवाज चढवायचो. तो फळ्याकडे बघतच नसे, माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. माझ्या कपाळाला आठी पडली की लगेच उत्तर बदलायचा.

एका रविवारी आठवडी बाजारात तो आईशेजारी बसलेला दिसला. वांगी आठ रुपये किलो होती. गिऱ्हाइकानं पाऊण किलो मागितली. यानं तराजूत पाचशे, दोनशे आणि पन्नासचं वजन टाकलं, वांगी तोलली आणि पिशवीत ओतता ओतता म्हणाला, "सहा रुपये."

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या भाषेनं अपूर्णांकांना घरातली नावं दिली आहेत आणि ती सगळी त्या मुलाच्या जिभेवर होती. अंश-छेदाची मांडणी त्याला नवी होती, हे खरं. पण ती शिकायला जे मन लागतं, ते मी भीतीनं भरून टाकलं होतं. हिशेब करताना आकडे तात्पुरते धरून ठेवण्याची मेंदूतली जागा फार थोडी असते, आणि काळजी नेमकी तीच जागा अडवते. घाबरलेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही, ते यामुळे. सोमवारी मी फळ्यावर आधी वांग्यांचा भाव लिहिला. तो एका दिवसात हुशार झाला नाही. पण वहीची पानं फाटायची थांबली. त्याची माफी मागायची मात्र राहून गेली.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. छडी बरीचशी गेली. चारचौघांत अपमान करणं मात्र अजून अनेक वर्गांत शिस्त म्हणून खपतं. मला ते मान्य नाही.

मग बक्षिसं द्यायची का? तिथेही जपून. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी तेच रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्मा वेळच त्यांत रमली. ज्यांना बक्षीस न सांगता, नंतर अचानक दिलं होतं, त्यांची आवड टिकून होती. मूल मनापासून करत असलेल्या गोष्टीला आपण मोबदला लावला, की ती त्याच्या लेखी काम होते.

मूल शिकायला उत्सुक नाही, असं म्हणण्यापूर्वी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम नीट वाचा. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम केलं होतं. 1945 साली त्या बोर्डीला आल्या, अनुताई त्यांना मिळाल्या आणि पुढे दोघींनी काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आपल्याकडे आला. वारली मुलं गुरांमागे रानात जायची, म्हणून शाळा कुरणात भरली. ती कुरणशाळा. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर आसपास सापडतील त्या वस्तू साधनं झाल्या. त्या मुलांना आळशी किंवा मठ्ठ ठरवणं सोपं होतं. या दोघींनी विचारलं, की मूल येत नाही यात आमचं काय चुकतंय? बालशिक्षणातला मला माहीत असलेला हा सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न आहे.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातल्या अनेकांना काही वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतील. मानधन उशिरा येईल, सर्वेक्षणाची आणि निवडणुकीची कामं अंगावर पडतील. थकलेला, खचलेला शिक्षक वर्गात आला की मुलांना ते पहिल्या मिनिटात कळतं आणि वर्ग मिटून जातो. म्हणून आनंदी राहा, असा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. शिक्षकाचं मन राखणं ही संस्थेची आणि शासनाचीही जबाबदारी आहे, हे या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो. तुम्ही एवढं करा: शिक्षकांच्या खोलीत एक तरी माणूस असा जोडा, ज्याला "आज माझा तास फसला" असं मोकळेपणानं सांगता येईल. मला तसं कुणी मिळायला सहा वर्षं लागली.

येत्या जूनमध्ये तुम्ही वर्गात उभे राहाल, तेव्हा कुणीतरी वहीवर खोडरबर घासत असेल. फळ्याकडे वळण्याआधी त्याच्या बाकाजवळ जा, खाली वाका आणि त्यानं काय खोडलं ते त्याला विचारा.