आधी भांडे घासा

श्रोतेहो, मिनिटे मोजकी आहेत, म्हणून नॅनो म्हणजे काय हे सांगत बसत नाही. आज बोलायचे आहे ते कार्बनच्या नॅनोनळ्यांवर धातूचे कण बसवण्याविषयी, आणि खरे तर कण बसवण्याआधीच्या कामाविषयी.

आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. महेंद्र शिरसाट यांच्या गटाने अशा नळ्यांच्या वायुसंवेदकांवर बरेच काम केले आहे. नळीतून वीज छान वाहते, पण समोरचा वायू कोणता, हे तिला एकटीला नीट ओळखता येत नाही. तिच्यावर पॅलेडियम बसवले की ती हायड्रोजन टिपते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे 2001 मध्ये दाखवले. सोन्याचे कण बसवले तर गटारात उतरलेल्या माणसाचा जीव घेणारा हायड्रोजन सल्फाइड कळतो.

आणि आमचे विद्यार्थी काय करतात? नळ्या पाण्यात टाकल्या, धातूचा क्षार घातला, बोरोहायड्राइड ओतले, की निघाले सूक्ष्मदर्शकाकडे! चित्रात काय दिसणार? गुठळ्या.

अरे, कल्हईवाला आल्याबरोबर कथील लावतो का? आधी भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकतो, मगच कथील फिरवतो. मेणचट भांड्यावर कथील पसरत नाही, त्याचे मणी होतात. नळीचेही तेच. तिच्या गुळगुळीत अंगावर धातूला धरायला जागा नसते. नायट्रिक आम्लात उकळल्यावर तिच्यावर ऑक्सिजनचे गट तयार होतात, धातूचे आयन त्यांना चिकटतात आणि कण तिथेच वाढतो. मात्र घासता घासता भांड्याला भोक पाडू नका! आम्लात फार वेळ ठेवलेली नळी तुटते, वीजही नीट वाहत नाही.

पुन्हा सांगतो, आधी पृष्ठभाग, मग धातू. इंधनघटातही हेच लागू होते: तिथे कार्बनवर प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कण असतात. ते सैल बसले तर सरकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि महागडा धातू आतल्या आत वाया जातो. वीज वापरूनही कण बसवता येतात, त्यात व्होल्टेज किती वेळ द्यायचे हे... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली.

तेव्हा एवढेच करा. प्रबंधात आम्ल किती, तास किती, नळ्या किती वेळा धुतल्या, शेवटच्या पाण्याचा सामू किती, हे सगळे लिहा. अर्ध्या ओळीत उरकू नका. नाहीतर तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला करून पाहता येणार नाही.