सॉकेटची कालनोंद आणि २०३८ सालची मर्यादा
संगणकीय जाळ्यातून माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत येते आणि प्रत्येक पॅकेट केव्हा पोचले याची नोंद, प्रोग्रॅमने मागितल्यास, लिनक्सचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, सॉकेट या दळणवळणाच्या दारातून त्याच्या हाती देतो. हा काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजला जात असल्याने, आणि धन-ऋण चिन्ह धरून ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नसल्याने, जुन्या ३२ बिटी मांडणीत १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर आकडा ऋण होऊन नोंद थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल.

सेकंदांना ६४ बिट द्यावेत हा उपाय उघड असला, तरी खरी अडचण तेथेच सुरू होते. कारण नोंदीची लांबी बदलली की जुन्या मांडणीवर बेतलेले प्रोग्रॅम भलतेच बाइट वाचू लागतात, आणि चालते प्रोग्रॅम मोडू नयेत हा तर लिनक्सचा कडक दंडक. म्हणून २०१९ मधील ५.१ आवृत्तीत ‘एसओ_टाइमस्टॅम्प’ या, कालनोंद मागण्याच्या पर्यायाचा जुना क्रमांक तसाच राखून ६४ बिटी मांडणीला वेगळा क्रमांक देण्यात आला, आणि प्रोग्रॅम कंपाइल होताना, त्यातील कालमूल्याचा आकार पाहून, हेडर फाइलच योग्य क्रमांक निवडते. ही तडजोड किचकट दिसली तरी शहाणपणाची आहे. मात्र नव्याने कंपाइल न केलेला ३२ बिटी प्रोग्रॅम, कर्नल कितीही नवा असला तरी, २०३८ मध्ये चुकीचीच वेळ वाचेल.