खिडक्या पुसणाऱ्याचा विमा

पावसाळा सरला कीं मुंबईंतील उंच इमारतींच्या अंगावर माणसें लोंबकळतांना दिसूं लागतात. चार महिन्यांच्या पावसानें आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें कांचांवर डागांचीं पुटें चढविलेलीं असतात, आणि दिवाळीच्या आंत त्या लख्ख व्हाव्यात अशी मालकांची इच्छा असते. लोअर परळांत जेथें एके काळीं गिरण्यांचीं धुराडीं होतीं, तेथें आतां कांचेच्या भिंती उभ्या आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलांत तर इमारत म्हणजे कांचच. दोराला बांधलेल्या फळीवर बसून, एका हातांत साबणाच्या पाण्याचा बोळा आणि दुसऱ्या हातांत रबरी पट्टी घेऊन हा माणूस एकेक मजला खालीं उतरत येतो. रस्त्यानें जाणारा क्षणभर वर पाहतो, त्याच्या जिवाची काळजी करतो आणि पुढें जातो. स्वतःच्या डोक्याची काळजी मात्र त्यास वाटत नाहीं.

ती वाटावयास हवी. साठ मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारें विसाव्या मजल्यावरून, सुटलेली वस्तु हवेचा अडथळा हिशेबांत न धरल्यास साडेतीन सेकंदांत रस्त्यावर येते, आणि त्या क्षणीं तिचा वेग ताशीं १२० किलोमीटरांच्या घरांत असतो. मग ती रबरी पट्टीची धातूची मूठ असो, अर्धी भरलेली बादली असो, कीं दोराची लोखंडी कडी असो. कांचा पुसण्याचा धंदा करणाऱ्यानें विमा कोणता घ्यावा याचा विचार येथून, म्हणजे खालच्या वाटसरूपासून, सुरू व्हावयास पाहिजे. प्रत्यक्षांत तो सुरू होतो इमारतीच्या व्यवस्थापकाच्या पत्रापासून.

या धंद्याला भांडवल थोडें लागतें. दोर, कमरपट्टे, शिरस्त्राणें, चार धाडसी तरुण आणि पहिलें काम मिळवून देणारा एखादा ओळखीचा माणूस, एवढ्यावर तो उभा राहतो. मोठें कंत्राट मिळण्याची वेळ आली म्हणजे व्यवस्थापक कळवितो कीं 'पब्लिक लायबिलिटी'ची पॉलिसी सादर करावी. धंदेवाला एजंटाकडे जातो आणि सर्वांत कमी हप्त्याची कोणती, एवढेंच विचारतो. कागद येतो, व्यवस्थापकाच्या फायलींत जातो आणि काम सुरू होतें. एजंटानें तो वाचलेला असतो कीं नाहीं तें देव जाणे. उरलेल्या दोघांनीं तर वाचलेला नसतोच.

वरून कांहीं पडलें आणि खालच्यास लागलें तर भरून कोणीं द्यावयाचें, हा प्रश्न कांचेच्या इमारतींहून फार जुना आहे. प्राचीन रोममध्यें बहुमजली भाड्याचीं घरें होतीं. खिडकींतून फेकलेल्या किंवा ओतलेल्या वस्तूनें नुकसान झाल्यास त्या घरांत राहणाऱ्यानें दुप्पट भरपाई द्यावी, आणि स्वतंत्र मनुष्य दगावल्यास पन्नास सुवर्णनाणीं द्यावीं, असा तेथील न्यायाधिकाऱ्याचा हुकूम होता. इंग्लंडांत १८६३ सालीं 'बर्न विरुद्ध बोडल' या खटल्याचा निकाल लागला. लिव्हरपूलच्या रस्त्यानें जाणाऱ्या एका गृहस्थावर पिठाच्या व्यापाऱ्याच्या वखारीच्या माडीवरून पिंप पडलें होतें. हयगय झाल्याचा पुरावा कोठें आहे, असा व्यापाऱ्याच्या बाजूचा सवाल होता. न्यायासनाचें म्हणणें असें पडलें कीं वखारींतून पिंप कोणाच्या तरी हयगयीवांचून घरंगळत नाहीं, तेव्हां हयगय झाली नाहीं हें व्यापाऱ्यानेंच दाखवावें. भारतांतहि, १९५१ सालीं दिल्लीच्या चांदणी चौकांतील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसें दगावलीं, त्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं याच तत्त्वाच्या आधारें मनोऱ्याच्या मालकीबद्दल महानगरपालिकेस जबाबदार धरलें. कांच पुसणाऱ्याच्या हातून बादली सुटली तर वाटसरूच्या वकिलास फारसें कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. बादली ज्याच्या हातून सुटली तो रोजंदारीवरचा मजूर असला, तरी कामांतील त्याच्या चुकीस धनी जबाबदार, हाहि कायद्याचा पक्का नियम आहे.

येथें नांवाचा एक घोटाळा उलगडणें भाग आहे. भोपाळच्या १९८४ सालच्या वायुदुर्घटनेनंतर संसदेनें १९९१ सालीं 'पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स अ‍ॅक्ट' संमत केला. तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठीं आहे. चूक कोणाची हें न पाहतां पीडितांस तांतडीनें कांहीं मदत मिळावी हा त्याचा हेतु. त्या कायद्याखालील विमा आणि कांच पुसणाऱ्यास हवा असलेला विमा यांचें नांव एक, पण गोत्र वेगळें. त्यास हवी ती कारखान्याबाहेरील धंद्यांसाठीं कंपन्या देतात ती पॉलिसी, किंवा 'कमर्शियल जनरल लायबिलिटी' या नांवानें मिळणारी अधिक विस्तृत पॉलिसी. मागतांना नुसतें 'पब्लिक लायबिलिटी' म्हटल्यास भलताच कागद पदरीं पडण्याचा संभव असतो.

योग्य जातीचा कागद मिळाला तरी पहिली नजर जावी ती जागेविषयींच्या शब्दांवर. भारतांत प्रचलित असलेल्या साध्या पॉलिसीचा सांचा हॉटेलें, सिनेमागृहें, कचेऱ्या यांना सोईचा आहे. लोक त्यांच्या दारांत येतात आणि तेथें घसरून पडतात. म्हणून 'विमा उतरविलेल्या जागेंत' झालेल्या अपघाताची जबाबदारी कंपनी पत्करते. कांच पुसणाऱ्याची जागा कोणती? एखाद्या चाळींतील दहा बाय बाराची खोली, जेथें दोर आणि बादल्या ठेवलेल्या असतात. तेथें परका माणूस वर्षांतून दोनदां येत असेल. सारें काम दुसऱ्याच्या जागेंत, आणि अपघात व्हावयाचा तो तर सार्वजनिक रस्त्यावर. म्हणून जेथें जेथें काम चालेल तीं सर्व ठिकाणें आणि त्यांच्या भोंवतालचा रस्ता पॉलिसींत आला आहे, हें तिच्यावर लिहून घेतल्यावांचून हप्ता भरणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय. उंचावरील काम वगळलेलें नाहीं ना, किंवा त्यास अमुक मीटरांची मर्यादा घातलेली नाहीं ना, हेंहि पाहावें. तळमजल्यावरील दुकानांच्या कांचा पुसणाऱ्यास अशी मर्यादा चालेल. तीस मजले उतरणाऱ्यास ती पॉलिसी असून नसल्यासारखी.

आतां रकमेचा प्रश्न. येथें बहुतेक जण अंदाजावर भिस्त ठेवतात आणि अंदाज कमी पडतो. मोटार-अपघातांतील मृत्यूच्या भरपाईसाठीं सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालच्या सरला वर्मा खटल्यांत आणि २०१७ सालच्या प्रणय सेठी खटल्यांत एक हिशेब घालून दिला आहे. खिडकीखालचा अपघात मोटारीचा नव्हे; तरी मृत्यूची भरपाई ठरविण्याचा प्रसंग आला म्हणजे हा हिशेब इतर दाव्यांतहि आधारास घेतला जातो. समजा, खालून जाणारा तरुण ३० वर्षांचा आहे, कायम नोकरींत आहे, आणि कर वजा जातां त्यास दरमहा ६०,००० रुपये मिळतात. पत्नी, मूल आणि आई हीं तीन माणसें त्याच्यावर अवलंबून आहेत. चाळिशीच्या आंतील कायम नोकरास भावी बढतीबद्दल निम्मी भर घालतात. म्हणजे दरमहा ९०,००० आणि वर्षाचे १०,८०,००० झाले. त्यांतून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वगळला कीं ७,२०,००० उरतात. २६ ते ३० या वयासाठीं गुणक १७ आहे. गुणाकार होतो १,२२,४०,००० रुपये; आणि यांत अंत्यविधीच्या खर्चासारख्या लहान रकमा, व्याज, वकिलाची फी हें कांहींच धरलेलें नाहीं. माणसाच्या जिवाचें असें त्रैराशिक मांडणें रुक्ष वाटतें खरें. पण त्या तरुणाच्या आईला आणि मुलाला जें मिळावयाचें तें याच वाटेनें मिळतें. दहा लाखांची पॉलिसी घेतलेल्या धंदेवाल्याकडून उरलेले एक कोटी बारा लाखांहून अधिक रुपये तीं कोठून वसूल करणार? त्याचे दोर विकून?

पॉलिसीवर रकमा दोन असतात. एक एका अपघातापुरती कमाल मर्यादा, आणि दुसरी साऱ्या वर्षाची. एजंट जो आंकडा मोठ्यानें सांगतो तो वर्षाचा असूं शकतो. वर्षाला दोन कोटी पण एका अपघातास पन्नास लाख, अशी पॉलिसी वरील प्रसंगीं पन्नास लाखांचीच होय, आणि एकाच अपघातांत दोघे सांपडले तरी आंकडा तोच राहतो. बचावाचा कोर्टखर्चहि पुष्कळदां त्याच मर्यादेंतून जातो. शिवाय प्रत्येक दाव्याचा पहिला कांहीं भाग धंदेवाल्यानें स्वतः सोसावयाचा असतो. हप्ता स्वस्त दिसावा म्हणून हा भाग फुगविलेला असला, तर त्या स्वस्ताईंत अर्थ नाहीं.

सर्वांत फसवें कलम मात्र काळाचें आहे. वर सांगितलेल्या साध्या पॉलिसींत अपघात मुदतींत होऊन भागत नाहीं; त्याबद्दलचा दावाहि मुदतींतच लेखी यावा लागतो. आतां, मृताच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा १८५५ सालचा आहे, आणि त्याखालील दाव्यास मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत आहे. फेब्रुवारींत अपघात झाला, मार्चअखेर पॉलिसी संपली, आणि धंदेवाल्यानें हाय खाऊन धंदाच गुंडाळला. शोकांतून सावरलेलें कुटुंब पुढील हिवाळ्यांत कोर्टांत गेलें. कायद्याच्या दृष्टीनें त्यांस उशीर झालेला नाहीं. पॉलिसीच्या दृष्टीनें पुष्कळ झाला. म्हणून दरवर्षीं नूतनीकरणांत एका दिवसाचाहि खंड पडूं देऊं नये, कंपनी बदलल्यास जुनी आरंभतारीख नव्या पॉलिसींत उतरवून घ्यावी, आणि अपघात घडतांच, दावा येवो न येवो, कंपनीस लेखी खबर द्यावी. अपघात मुदतींत झाला एवढेंच पुरे मानणारी पॉलिसीहि मागितल्यास मिळूं शकते. तिचा हप्ता थोडा अधिक पडला तरी या धंद्यास तीच बरी.

वाटसरूची गोष्ट जिवावरची. पण रोजचें भांडण होतें तें कांचेवरून. कडक केलेल्या कांचेच्या पृष्ठभागावर भट्टींतच चिकटून बसलेले बारीक कण असूं शकतात. त्यांवर पातें फिरलें कीं ते कण सुटतात आणि कांचेवर ओरखड्यांची जाळी उमटते. ढगाळ दिवशीं ती दिसत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं ऊन पडतांच मालकाचा टेलिफोन येतो. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढण्यासाठीं कोणी तीव्र अम्ल वापरतो, आणि हायड्रोफ्लोरिक अम्ल तर डागाबरोबर कांचहि खातें. अशा वेळीं धंदेवाला निर्धास्तपणें पॉलिसी काढतो, तों तिच्यांत लिहिलेलें आढळतें कीं ताब्यांत असलेल्या किंवा जिच्यावर प्रत्यक्ष काम चालू आहे त्या वस्तूचें नुकसान वगळलें आहे. अम्लाचे थेंब खालच्या मोटारीवर उडाले तर भरपाई आहे, कांचेला नाहीं! कांचा पुसणाऱ्याला कांचेचाच विमा नसावा हें ऐकून हसूं येईल, पण कलम तसें असतें. जादा हप्ता देऊन तें शिथिल करून घेतां येतें का, आणि किती रकमेपर्यंत, हें आधींच विचारावें. काम सुरू करण्यापूर्वीं कांचांचीं छायाचित्रें काढून मालकाची सही घेणें याला तर पैसाहि पडत नाहीं.

आणि दोरावरचा माणूस? तो या पॉलिसींत मुळींच नाहीं. स्वतःचे नोकर हे तिच्या दृष्टीनें 'पब्लिक' नव्हेत. त्यांच्यासाठीं कामगार-भरपाईची पॉलिसी निराळी घ्यावी लागते. १९२३ सालच्या कायद्यानें मान्य केलेलें आणि २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि कायम ठेवलेलें भरपाईचें तत्त्व धन्याची चूक सिद्ध होण्याची वाट पाहत नाहीं. गृहसंस्थेच्या चिटणिसांनीं हा दुसरा कागद पहिल्याइतक्याच आग्रहानें मागावा. कारण कंत्राटदारानें हात वर केले तर मजुराचें कुटुंब काम देणाऱ्याच्या दाराशीं येऊं शकतें.

अर्ज भरतांना कामाची उंची, दोराची पद्धति, अम्लाचा वापर, रोजंदारीवर आणलेलीं माणसें, मागील अपघात हें सर्व खरें लिहावें. 'कचेऱ्यांची साफसफाई' असें मोघम लिहून हप्ता वांचविणारे आहेत, आणि कंपनीला दावा नाकारण्यास तेवढें कारण पुरतें. राहतां राहिली तारीख. १९३८ सालच्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी या कलमाप्रमाणें हप्ता किंवा त्याची विहित हमी मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम पत्करतां येत नाहीं. शनिवारीं दोर बांधले आणि हप्ता सोमवारीं भरला, तर त्या दोन दिवसांत खालून गेलेल्यांचा विमा कोणाकडेच नसतो.