मधुमेही मनुष्य आणि उपाहारगृह

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत उपाहारगृहांत जाऊन जेवणें ही आतां चैन राहिलेली नाहीं. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला, परगांवचे नातलग आले, किंवा नुसता रविवार उजाडला, तरी घरची मंडळी बाहेर जेवावयास निघतात. आणि या मंडळींत एखादा तरी मधुमेही असावा, अशीच आजची स्थिति आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत भारतांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें दहा कोटि दहा लक्ष ठरली.

अशा मनुष्यापुढें उपाहारगृहांत दोनच मार्ग असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एक, सर्वांबरोबर सर्व कांहीं खाणें व दुसऱ्या दिवशीं पश्चात्ताप करणें; दुसरा, बिनसाखरेचा चहा पुढें घेऊन इतरांचीं ताटें पाहत बसणें. पहिल्यानें शरीराची हानि होते, दुसऱ्यानें मनाची. चारदोन वेळां असें बसावें लागलें कीं तो मनुष्य बाहेर जाण्याचेंच टाळूं लागतो, आणि त्याला सोडून आनंद करणें घरच्यांनाहि गोड लागत नाहीं. वास्तविक तिसरा मार्ग आहे. मात्र तो टेबलाशीं बसण्यापूर्वींच ठरवावा लागतो.

पहिली अडचण समजुतीची आहे. मधुमेह म्हणजे साखर वर्ज्य, एवढेंच बहुतेकांच्या मनावर ठसलेलें असतें. त्यामुळें जिलबीला हात न लावणारा गृहस्थ दोन वाढी भात मात्र निःशंकपणें घेतो. परंतु तांदूळ, गहूं, बटाटा यांतील पिष्टाचेंहि पोटांत गेल्यावर ग्लुकोजच होतें. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातांत सुमारें २८ ग्रॅम पिष्ट असतें. म्हणजे दीडशें ग्रॅमांच्या एका भरल्या वाटींत आठ-दहा लहान चमचे साखरेइतकें. ज्वारीच्या भाकरींत तंतु अधिक असतात हें खरें. तरी त्या पिठाच्या वजनाचा जवळजवळ सत्तर टक्के भाग पिष्टाचाच असतो. उपासाचा साबुदाणा तर बहुतांशीं शुद्ध पिष्टच होय.

पिष्ट व शर्करा, म्हणजे ज्यांना कर्बोदकें म्हणतात तीं, कमी करण्याची कल्पना नवी नाहीं. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्यानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मधुमेह्याला मुख्यतः मांसाहारावर ठेवण्याची योजना आढळते. १९२२ सालीं टोरोंटो येथें इन्शुलिन प्रथम रुग्णाला टोचलें जाईपर्यंत आहाराचें नियंत्रण हाच मुख्य आधार होता. पुढें औषधें पुष्कळ आलीं. तरीहि अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या २०१९ सालच्या अहवालांत, रक्तांतील साखर सुधारण्याच्या आहारविषयक उपायांपैकीं एकूण कर्बोदकें कमी करण्याच्या उपायाला सर्वांत अधिक पुरावा असल्याचें नमूद आहे. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षां कमी कर्बोदकें असलेल्या आहाराला सामान्यतः अल्पपिष्ट आहार म्हणतात. हें प्रमाण ध्यानांत ठेवलें, तर एका जेवणांत तीस-चाळीस ग्रॅमांवर जाणें परवडत नाहीं, हें सहज दिसून येईल.

आतां हा हिशेब प्रत्यक्ष टेबलावर कसा जुळवावा? उपाहारगृहाची निवड हीच अर्धी लढाई होय. मालवणी खाणावळींत हें काम सोपें असतें. मासे, कोंबडी व अंडीं यांत पिष्ट जवळजवळ नसतेंच. नारळाच्या दुधाची बिनसाखरेची सोलकढीहि चालते. तेथें सांभाळावयाचें तें भात, वडे आणि तळलेल्या मासळीवरील रव्याचें आवरण. रवा न लावतां तव्यावर भाजून देण्यास सांगितलें, तर पुष्कळ ठिकाणीं देतात. इराणी हॉटेलांत आम्लेट किंवा अकुरी मागवावी व पाव परत करावा. पंजाबी पद्धतीच्या ठिकाणीं भट्टींत भाजलेलें पनीर किंवा कोंबडी, पालेभाजी, काकडी-टोमॅटो व साधें दहीं एवढ्यावर पोट भरतें; मैद्याचा नान मात्र टाळावा. उडुपी उपाहारगृहांत बहुतेक पदार्थ तांदुळाचे असल्यामुळें पर्याय थोडे. तेथें जाणें प्राप्तच झालें, तर एका इडलीबरोबर सांबार अधिक घेऊन थांबावें. गुजराती थाळींत आमटीभाजींतहि गूळ-साखर असते, आणि चिनी पद्धतीच्या पदार्थांचा रस बहुधा मक्याच्या पिठानें दाट केलेला असतो. तेव्हां वेटरला ‘मला मधुमेह आहे’ एवढेंच सांगून भागत नाहीं. तो फार तर साखर कमी करील. ‘यांत पीठ किंवा गूळ आहे काय? भाताऐवजीं भाजी अधिक मिळेल काय?’ असें स्पष्ट विचारावें. यांत संकोचाचें कांहीं कारण नाहीं.

खाण्याचा क्रमहि महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्क येथील वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या अकरा रुग्णांवरील एका लहान प्रयोगांत असें दिसून आलें कीं, भाज्या व प्रथिनें आधीं खाऊन कर्बोदकें शेवटीं खाल्लीं असतां जेवणानंतरच्या पहिल्या तासांत साखर पुष्कळच कमी वाढते. आपल्या रीतीप्रमाणें भुकेच्या तोंडीं पोळीचा तुकडाच प्रथम मोडला जातो. तो शेवटासाठीं राखून ठेवला, तर एका पोळीवर समाधान होणें कठीण नाहीं.

परंतु याहूनहि महत्त्वाची गोष्ट औषधाची आहे. जेवणाआधीं इन्शुलिन घेणाऱ्यानें तें घरींच टोचून कधीं निघूं नये. रविवारच्या गर्दींत टेबल मिळण्यास पाऊण तास लागतो, स्वयंपाकघरांतून ताट येण्यास आणखी वेळ. आणि इकडे रक्तांतील साखर उतरूं लागते. ताट येण्याची वेळ निश्चित झाल्यावरच इन्शुलिन घ्यावें. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनींहि असा प्रसंग ओढवूं शकतो. म्हणून पिष्ट कमी करण्यापूर्वीं या औषधांचें प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घेणें अत्यावश्यक आहे. डॅपाग्लिफ्लोझिनसारखें औषध चालू असतां कर्बोदकें एकदम फार तोडलीं, तर साखर फारशी न वाढतांहि रक्तांत आम्लें सांचण्याचा गंभीर धोका संभवतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं प्रथिनांविषयींहि सल्ला घ्यावा.

घाम सुटला, हात थरथरूं लागले, छातींत धडधड झाली, तर सोबतच्या मंडळींनीं ओळखावें. साखर सत्तर मिलिग्रॅमच्या खालीं गेली असेल, तर त्या क्षणीं अल्पपिष्टाचा नियम बाजूस ठेवून तीन-चार लहान चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्ध हरपत असेल, तर तोंडांत कांहीं न घालतां रुग्णालय गांठावें. हें ज्ञान केवळ रुग्णाजवळ असून उपयोगी नाहीं. तें टेबलाभोंवतीं बसणाऱ्या सर्वांजवळ असलें पाहिजे.

घरच्यांकडे आणखी एक काम आहे, तें आग्रह आवरण्याचें. ‘आज एक दिवस काय होतें?’ हें वाक्य प्रेमानें उच्चारलें जातें. पण लग्न, बारसें, वाढदिवस आणि रविवार मिळून तो एक दिवस महिन्यांतून सात-आठ वेळां येतो. सर्वांनींच आधीं भाजी-कोशिंबीर मागविली, गोड पदार्थ एकच मागवून वाटून खाल्ला, तर मधुमेही मनुष्य पंक्तींत वेगळा दिसत नाहीं. बिलाबरोबर येणाऱ्या बडीशेपेंतहि खडीसाखर असते, हेंहि विसरूं नये.

जेवणास आरंभ केल्यापासून दोन तासांनीं घरीं साखर तपासावी आणि एका वहींत उपाहारगृहाचें नांव, खाल्लेले पदार्थ व आलेला आंकडा लिहून ठेवावा. डॉक्टरांनीं निराळें सांगितलें नसेल, तर तो १८० च्या आंत असावा. दोन-तीन महिन्यांत त्या वहीवरून कोठें जावें, काय मागवावें आणि काय परत करावें हें त्या मनुष्यास नेमकें कळूं लागतें. मग पुढच्या रविवारीं कोणत्या उपाहारगृहांत जावयाचें, हें घरांत बहुधा त्यालाच विचारलें जातें.